विस्मृतीतल्या खेळाडूंची बेसबॉल लीग: कागदावरचा हंगाम कसा चालवायचा

१९५७ च्या उन्हाळ्यात मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतल्या मिलवॉकी ब्रेव्ह्ज संघाने मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या पायरीवरून, बॉब हेझल नावाच्या माणसाला बोलावून घेतलं. त्याने १३४ ॲट-बॅटमध्ये ५४ हिट्स मारल्या. सरासरी .४०३. लोकांनी त्याचं नाव 'हरिकेन' ठेवलं आणि ब्रेव्ह्जनी त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. पुढच्या वर्षी हाच हेझल दोन संघांत मिळून ११४ ॲट-बॅटमध्ये २४ हिट्स मारून .२११ वर आला आणि मेजर लीगमधून कायमचा गेला.

आता तुमच्या कागदावरच्या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांचे मालक आळीपाळीने खेळाडू निवडतात तेव्हा, कोणीतरी हेझलचं १९५७ चं कार्ड, म्हणजे त्याच्या त्या वर्षीच्या आकड्यांवर बनवलेला खेळाडू, उचललं. तो सबंध हंगाम .४०३ ने मारणार का? याचं उत्तर नियमांत आधीच लिहिलेलं नसेल, तर लीग दुसऱ्या आठवड्यात भांडणावर येते. प्रसिद्ध खेळाडूंच्या लीगमध्ये हा प्रश्न फारसा येत नाही, कारण त्यांच्या नावावर हजारो पाळ्या असतात. अनोळखी खेळाडूंची लीग चालवायची म्हणजे निम्मं काम तुटपुंज्या आकड्यांशी प्रामाणिक राहण्याचं. बाकीचं निम्मं नेहमीचंच, म्हणजे माणसांना वेळेवर काम करायला लावायचं.

हा प्रकार काय आहे

शाळेत बाकाखाली पुस्तक-क्रिकेट खेळलेल्यांना कल्पना लगेच कळेल. तिथे पानाचा शेवटचा आकडा धावा ठरवायचा. इथे फासे किंवा संगणक ठरवतो, पण प्रत्येक खेळाडूची शक्यता त्याच्या खऱ्या कामगिरीतून काढलेली असते. अमेरिकेत हा छंद जुना आहे. लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया इथून 'ॲपबा' हा कार्ड-फाशांचा खेळ १९५१ मध्ये बाजारात आला आणि हॅल रिचमन यांचा 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' १९६१ मध्ये. संगणकावर 'डायमंड माइंड' आणि 'आउट ऑफ द पार्क' ही नावं या छंदातल्या सगळ्यांना माहीत असतात.

ज्यांचा बेसबॉलशी संबंध न्यू जर्सीतल्या भावाकडे गेल्यावर पाहिलेल्या एखाद्या सामन्यापुरता आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. बॅटर प्लेटवर आला की ती एक पाळी. पिचरने चार खराब चेंडू टाकले तर बॅटरला पहिला बेस फुकट, म्हणजे वॉक. वॉक वगैरे वगळून उरलेल्या पाळ्या म्हणजे ॲट-बॅट. चेंडू मारून सुखरूप बेस गाठला की हिट; एकाच फटक्यात सगळे बेस फिरवून आणणारी हिट म्हणजे होम रन; तीन स्ट्राइक होऊन बाद म्हणजे स्ट्राइकआउट. इनिंग म्हणजे दोन्ही संघांची बॅटिंगची एकेक फेरी. हिट्स भागिले ॲट-बॅट ही बॅटिंगची सरासरी; .३०० म्हणजे उत्तम, .२२० म्हणजे नोकरी धोक्यात. पिचरसाठी ईआरए, म्हणजे नऊ इनिंग्जमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावा. एवढ्यावर लीगमध्ये टिकता येतं, बाकीचं खेळताखेळता कळत जातं.

आधी कालखंड

सगळ्या काळांतले खेळाडू एकत्र आणण्याचा मोह होतो. पहिल्या हंगामात तो टाळा. बेसबॉलमध्ये आकड्यांची किंमत काळाप्रमाणे प्रचंड बदलते. मेजर लीगचे दोन भाग, नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग. १९३० मध्ये अख्ख्या नॅशनल लीगची सरासरी .३०३ होती. १९६८ मध्ये अमेरिकन लीगची सरासरी .२३० वर घसरली, आणि .३०१ मारून कार्ल यास्ट्रझेम्स्की त्या लीगमधला अव्वल बॅटर ठरला. पिचरांचं इतकं वर्चस्व झालं की १९६९ पासून पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला.

१९३० मध्ये फिलाडेल्फिया फिलीजच्या चक क्लाइनने .३८६ मारलं. लीगच्या सरासरीने भागलं तर क्लाइन १.२७ पट आणि यास्ट्रझेम्स्की १.३१ पट. म्हणजे .३०१ मारणारा .३८६ मारणाऱ्याच्या पुढे! आणि त्याच १९३० च्या फिलीजने संघ म्हणून .३१५ मारूनही १०२ सामने गमावले, कारण त्यांच्या पिचरांचा एकत्र ईआरए ६.७१ होता. वेगवेगळे काळ मिसळायचेच असतील, तर प्रत्येक आकडा त्या वर्षीच्या लीगच्या सरासरीने भागून मग सगळ्यांसाठी ठरवलेल्या एकाच सरासरीने गुणा. वॉक, होम रन, स्ट्राइकआउट यांचं हे काम वेगवेगळं करावं लागतं. करता येतं, पण पहिल्याच वर्षी कशाला?

माझी शिफारस १९४६ ते १९६० ची. युद्ध संपलेलं, १६ संघ, १५४ सामन्यांचा हंगाम, पिचर स्वतः बॅटिंग करायचे, आणि नोंदी बऱ्यापैकी पूर्ण. शिवाय या काळात दरिद्री संघांची रेलचेल आहे. १९५२ चे पिट्सबर्ग पायरेट्स ११२ सामने हरले. सेंट लुईस ब्राउन्स १९५३ नंतर गाव सोडून बाल्टिमोरला गेले. अशा संघांत दरवर्षी नवी माणसं यायची आणि जायची. आपल्याला हवा तो माल नेमका तिथे सापडतो.

'अनोळखी' कोण, हे आकड्यांनी ठरवा

'हा तर सगळ्यांना माहीत आहे' या वादाला अंत नसतो. कोणाचे काका ब्रुकलिनमध्ये राहिलेले असतात, कोणी प्रत्येक माहितीपट पाहिलेला असतो. म्हणून कसोटी मोजता येणारी ठेवा. कारकिर्दीत २,००० पेक्षा कमी पाळ्या किंवा ५०० पेक्षा कमी इनिंग्ज, ऑल-स्टार सामन्यात (निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना) एकदाही निवड नाही, आणि दहापेक्षा कमी हंगाम, ही माझी चाळणी. ऑल-स्टार सामना १९३३ मध्ये सुरू झाला, त्यामुळे त्याआधीच्या काळासाठी ती अट निरुपयोगी. दहा हंगामांची अट मुद्दाम आहे, कारण हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीसाठी, खेळाडूला किमान दहा हंगाम लागतात. नऊच हंगाम खेळलेल्या ॲडी जॉस या पिचरसाठी १९७८ मध्ये अपवाद केला गेला, पण तो आपल्या काळातला नाही.

इथे एक खड्डा आहे. 'हॉल ऑफ फेममधले सगळे बाद' असं लिहिलंत, तर स्पार्की अँडरसन बाद होतो. मॅनेजर म्हणून तो मोठा माणूस, हॉलमध्ये गेला तोही त्याच कामासाठी. पण खेळाडू म्हणून त्याचा मेजर लीगमधला हंगाम एकच, १९५९ चा, फिलीजकडून: ४७७ ॲट-बॅट, १०४ हिट्स, .२१८. टॉमी लसोर्डाचंही तेच. पिचर म्हणून त्याच्या नावावर शून्य विजय आणि चार पराभव. असे लोक या लीगची खरी गंमत आहेत, म्हणून नियमात 'खेळाडू म्हणून निवडलेले' हे शब्द हवेत. पुढे टीव्हीवर नट म्हणून गाजलेला चक कॉनर्स १९५१ मध्ये शिकागो कब्जकडून ६६ सामने खेळला. तोही चालेल. चाळणी फक्त मैदानावरचे आकडे बघते.

पम्प्सी ग्रीनही या चाळणीतून येतो. काळ्या खेळाडूला घेणारा शेवटचा संघ बोस्टन रेड सॉक्स. त्यांनी १९५९ मध्ये ग्रीनला मैदानात उतरवलं, मेजर लीगमधली रंगभेदाची भिंत मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सननंतर बारा वर्षांनी. इतिहासात त्याचं नाव आहे, पण कारकीर्द ३४४ सामन्यांची आणि सरासरी .२४६. आपल्या लीगमध्ये तो दुसरा बेस सांभाळणारा एक कामाचा गडी.

आकडे आणणं आणि साफ करणं

शॉन लाहमन यांच्या नावाने ओळखला जाणारा डेटाबेस फुकट मिळतो आणि त्यात १८७१ पासूनचा प्रत्येक खेळाडू प्रत्येक हंगामानुसार आहे. बॅटिंग, पिचिंग, फिल्डिंग आणि व्यक्ती असे चार तक्ते घेतलेत की पुरे. एका सामन्यातल्या एकेका चेंडूपर्यंत जायचं असेल तर १९८९ मध्ये सुरू झालेला 'रेट्रोशीट' हा स्वयंसेवी प्रकल्प आहे, पण त्याची गरज डावखुऱ्या-उजव्या पिचरविरुद्धचे वेगळे आकडे हवे असतील तेव्हाच.

तक्ता उघडल्याबरोबर दोन गोष्टी तपासा. हंगामाच्या मधे संघ बदललेल्या खेळाडूच्या दोन किंवा तीन ओळी असतात. त्या बेरजेने एक करा. अनोळखी खेळाडू सतत इकडून तिकडे पाठवले जात असल्यामुळे हे प्रकरण इथे फार वेळा येतं. हेझलच्या १९५८ च्याच दोन ओळी आहेत: ब्रेव्ह्जकडे ५६ ॲट-बॅट, डेट्रॉइटकडे ५८. दुसरं म्हणजे रिकामा रकाना आणि शून्य यांत फरक करा. जुन्या हंगामांत बेस चोरताना (पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसकडे पळताना) बाद झाल्याच्या नोंदी कैक ठिकाणी नाहीत. सॅक्रिफाइस फ्लाय (उंच फटक्यावर स्वतः बाद होऊन सोबत्याला धाव मिळवून देणं) हा रकाना १९५४ पासूनच भरतो, मुद्दाम दिलेले वॉक १९५५ पासून. एक्सेलने रिकाम्या जागी शून्य धरलं, की एखादा जाडजूड कॅचर (प्लेटमागे बसून पिचरचे चेंडू झेलणारा) कधीच न पकडला जाणारा बेसचोर बनतो.

यादीत येण्यासाठी एका हंगामात किमान ५० पाळ्या किंवा ३० इनिंग्ज ही खालची मर्यादा ठेवा. त्याखालच्यांसाठी माझ्याकडे वेगळा कप्पा आहे, त्याचं पुढे सांगतो.

थोडक्या आकड्यांना पाणी घालणं

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. १३४ ॲट-बॅटमधली .४०३ सरासरी म्हणजे अंगातलं कौशल्य अधिक त्या दोन महिन्यांचं नशीब. दोन्ही वेगळं काढायचा सोपा उपाय म्हणजे खऱ्या आकड्यांत सरासरी खेळाडूचे काल्पनिक ॲट-बॅट मिसळायचे. मी हिट्ससाठी ३०० मिसळतो.

१९५७ मध्ये नॅशनल लीगची सरासरी .२६० होती. ३०० ॲट-बॅटला .२६० ने ७८ हिट्स. हेझलच्या ५४ मध्ये ते मिळवले की १३२, ॲट-बॅट झाले ४३४, आणि सरासरी .३०४. माणूस अजून चांगला आहे, पण देव राहिला नाही. कारकिर्दीत त्याने २६१ ॲट-बॅटमध्ये ८१ हिट्स मारल्या, म्हणजे .३१०. आपला अंदाज फार लांब नाही.

पण इथे थांबू नका. मिसळायची ती सरासरी कोणाची? अख्ख्या लीगच्या सरासरीत स्टॅन म्युझियल आणि हँक ॲरनसारखे दिग्गजही आहेत. थोड्या पाळ्या मिळालेले खेळाडू बहुधा त्या सरासरीखालचेच असतात, नाहीतर मॅनेजरने त्यांना बाकावर बसवलंच नसतं. म्हणून २५० पेक्षा कमी पाळ्यांच्या सगळ्या खेळाडूंची वेगळी सरासरी काढा आणि ती मिसळा. समजा ती .२४५ निघाली, तर हेझलचे ५४ अधिक ७३.५ भागिले ४३४, म्हणजे .२९४. दोन अंदाजांत दहा अंकांचा फरक पडतो, आणि सबंध यादीला हा फरक लावला की लीगचा तोल बदलतो. बाकावरच्यांना लीगची सरासरी बहाल केलीत, तर दहा पाळ्या खेळलेला माणूस चारशे पाळ्या खेळलेल्या माणसाहून बरा दिसू लागतो आणि ड्राफ्टमध्ये सगळे कमीत कमी खेळलेल्यांच्या मागे धावतात.

सगळ्याच गोष्टींना सारखं पाणी लागत नाही. स्ट्राइकआउटचं प्रमाण लवकर खरं रूप दाखवतं. त्यात ६० पाळ्या मिसळल्या तरी चालतं. वॉकला १२०, होम रनला १७०. मैदानात पडलेला चेंडू हिट होतो की फिल्डरच्या हातात जातो, हे मात्र इतकं नशिबावर असतं की ३०० सुद्धा कमीच. तिथे ५०० पर्यंत गेलात तरी मी हरकत घेणार नाही.

आता तो वेगळा कप्पा. प्रत्येक संघाला एक 'पाहुणा' द्या: यादीच्या मर्यादेत न बसणारा खेळाडू, जो हंगामात एकाच सामन्यात येऊ शकतो. कालखंडाची अट इथे शिथिल. जॉन पासिओरेक २९ सप्टेंबर १९६३ रोजी ह्यूस्टनकडून आपला एकमेव सामना खेळला: तीन ॲट-बॅटमध्ये तीन हिट्स, दोन वॉक, चार धावा. वय अठरा. मग पाठीने दगा दिला. आपल्या सूत्राने, त्या वर्षीची नॅशनल लीगची .२४५ धरून, त्याची सरासरी .२५२ येते, पाहुण्याला तेवढी पुरे. एडी गेडेल हा साडेतीन फुटांच्या जेमतेम वर उंचीचा माणूस १९ ऑगस्ट १९५१ रोजी ब्राउन्सचे मालक बिल वेक यांनी १/८ क्रमांकाचा शर्ट घालून पाठवला होता. चार चेंडूंत वॉक मिळवून तो परतला. त्याच्या कार्डावर वॉकशिवाय काही नसलं तरी चालेल, पाळी एकच देणार आहात. मूनलाइट ग्रॅहम १९०५ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून एकदा उजव्या आउटफिल्डमध्ये उभा राहिला, पण बॅटिंगची पाळी यायच्या आत सामना संपला. त्याला तुम्ही ती पाळी देऊ शकता. आमच्या ग्रुपमध्ये अंतिम सामन्यापर्यंत कोणी पाहुण्याला हात लावत नाही आणि मग नको त्या क्षणी उतरवतात. खेळाच्या दृष्टीने मूर्खपणा आहे, पण त्याच्यावर सगळ्यात जास्त गप्पा होतात.

पिचरांचं वेगळं

विजय-पराभव बघूच नका. १८९९ च्या क्लीव्हलँड स्पायडर्समध्ये जिम ह्युईने ४ जिंकले आणि ३० हरले. पण त्या संघाच्या मालकांनी साय यंगसकट चांगले खेळाडू आपल्याच सेंट लुईसच्या संघात हलवले होते आणि स्पायडर्स २० विजय, १३४ पराभवांवर संपले. त्या गर्तेत ह्युईच्या तीस पराभवांवरून त्याच्या पिचिंगबद्दल काहीच कळत नाही.

ईआरएवरही फार विसंबू नका. स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन या तीन गोष्टी पिचरच्या स्वतःच्या. हिट्समध्ये फिल्डरांचा वाटा मोठा. बोबो हॉलोमनचं उदाहरण घ्या. ६ मे १९५३ रोजी त्याने ब्राउन्सकडून पहिल्यांदाच सामना सुरू केला आणि एकही हिट दिली नाही. त्या हंगामानंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही. त्याच्या ओळीत ६५ इनिंग्जमध्ये ५० वॉक आणि २५ स्ट्राइकआउट आहेत. त्या दोन आकड्यांवर कार्ड बनवलंत, की तो सामना किती मोठा योगायोग होता ते फासे आपोआप सांगतात.

मायनर लीगचे आकडे याच्यात आणू नका. रॉन नेचायने १३ मे १९५२ रोजी ब्रिस्टल गावात, खालच्या पायरीच्या लीगमध्ये, नऊ इनिंग्जच्या एका सामन्यात २७ बॅटर स्ट्राइकआउट केले. त्याच वर्षी पायरेट्सकडून तो एक विजय, सहा पराभव आणि ७.०८ ईआरए यांवर राहिला. कोणी त्याला 'तो २७ वाला' म्हणून ड्राफ्टमध्ये लवकर उचलत असेल, तर उचलू द्या.

निग्रो लीगमधले खेळाडू

मेजर लीगचं दार काळ्या खेळाडूंना बंद होतं, त्या काळातल्या त्यांच्या वेगळ्या लीग म्हणजे निग्रो लीग. तिथले खेळाडू घ्यावेत, पण हिशेब वेगळा ठेवून. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिळवले. जॉश गिब्सन कारकिर्दीच्या सरासरीत .३७२ ने टाय कॉबच्या पुढे गेला तो तेव्हाच. 'सीमहेड्स'चा डेटाबेस या लीगसाठी उत्तम आहे.

अडचण अशी की त्यांच्या नोंदलेल्या सामन्यांची संख्या कमी, त्यामुळे कारकिर्दीत २,००० पाळ्यांची आपली चाळणी तिथे भलभलत्या मोठ्या खेळाडूंना अनोळखी ठरवते. गोऱ्या लीगमध्ये थोड्या पाळ्या म्हणजे सहसा मॅनेजरचा निकाल. इथे थोड्या पाळ्या म्हणजे दार बंद होतं आणि स्कोअरबुकं हरवली. म्हणून त्यांच्यासाठी मर्यादा ८०० पाळ्यांवर आणा, हॉल ऑफ फेममधले वगळा, आणि पाणी घालताना त्यांच्याच लीगची पूर्ण सरासरी वापरा, बाकावरच्यांची नाही. १९४६ ते १९६० च्या लीगमध्ये त्यांची तीनच वर्षं येतात. हा भाग नीट करायचा तर १९२० ते १९४८ असा स्वतंत्र हंगाम काढणं मला जास्त रास्त वाटतं.

फासे की संगणक

आठ जण, प्रत्येकी काही डझन सामने, आणि वेळ कमी असेल तर सरळ सॉफ्टवेअर घ्या. 'आउट ऑफ द पार्क' मध्ये जुन्या हंगामांचे खेळाडू आत घेता येतात आणि कौशल्याचे आकडे हाताने बदलता येतात. तुमचे पाणी घातलेले आकडे तिथे भरा. कच्चे आकडे आत जाऊ देऊ नका.

स्वतःचं यंत्र बनवण्यात मात्र वेगळी मजा आहे, आणि ते एका स्प्रेडशीटमध्ये बसतं. स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये तीन फासे असतात: एक फासा १ ते ३ आला तर बॅटरचं कार्ड, ४ ते ६ आला तर पिचरचं, आणि उरलेल्या दोन फाशांची बेरीज त्या रकान्यातली ओळ दाखवते. एका कार्डावर ३६ शक्यतांचे तीन रकाने, म्हणजे १०८. ही रचना उचलायला हरकत नाही, पण सूत्राने जास्त नेमकं होतं. सरासरीला तिच्या उरलेल्या भागाने भागा. .२८० चा बॅटर: .२८० भागिले .७२० म्हणजे .३८९. .२४० देणारा पिचर: .२४० भागिले .७६० म्हणजे .३१६. .२६० ची लीग: .३५१. पहिल्या दोघांचा गुणाकार करून तिसऱ्याने भागलं की सुमारे .३५०, आणि.३५० भागिले १.३५० म्हणजे .२५९. या पिचरसमोर या बॅटरची हिटची शक्यता एवढी. हेच सूत्र वॉक, स्ट्राइकआउट आणि होम रनलाही लावा.

प्रत्येक पाळीला दहा बाजूंचे तीन फासे टाका. ००० ते ९९९ मधला आकडा मिळतो. आधी वॉकचा पट्टा, मग स्ट्राइकआउट, मग होम रन, मग एकेरी-दुहेरी-तिहेरी हिट, उरलेलं आउट. फिल्डिंगला चांगला, साधा, वाईट अशा तीनच पायऱ्या ठेवा. अनोळखी खेळाडूंच्या फिल्डिंगबद्दल याहून बारकावा दाखवणं म्हणजे निव्वळ कल्पना.

हंगाम किती लांब

जुना १५४ सामन्यांचा हंगाम आठ संघांच्या लीगवर बेतलेला होता: सात प्रतिस्पर्ध्यांशी प्रत्येकी २२ सामने. तो आकडा मोहक आहे, पण आपल्या खेळाडूंना झेपत नाही. एका संघाला सामन्याला सुमारे ३८ पाळ्या लागतात. १५४ सामन्यांना जवळजवळ ५,९०० पाळ्या, आणि तुमच्याकडचे बॅटर दीडशे-दोनशे पाळ्यांचे!

म्हणून प्रत्येकाशी बारा, असे ८४ सामने धरा. पाळ्या लागतील ३,१९२. पिचरांच्या वजा करता तीन हजारांच्या आत-बाहेर. चौदा बॅटर, सरासरी २१५ पाळ्यांचे, असले की भागतं. इनिंग्ज ७५६, अकरा पिचर, प्रत्येकी साधारण ६९. नवशिक्या ग्रुपने प्रत्येकाशी सहा, म्हणजे ४२ सामने करावेत.

वापराची मर्यादा कडक ठेवा: खऱ्या पाळ्यांच्या ११० टक्के, त्यापुढे तो खेळाडू बसलाच. ही मर्यादा नसेल तर सगळे एकाच चांगल्या तुकड्यावर हंगाम काढतात. ती असली की संघात पंचविसाव्या माणसालाही किंमत येते; जो मालक सप्टेंबरसाठी पाळ्या शिल्लक ठेवतो, तो पुढे जातो. शीटमध्ये उरलेल्या पाळ्यांचा रकाना ठेवा आणि दहाच्या खाली गेला की तांबडा होऊ द्या.

ड्राफ्ट

आठ संघ, पंचवीस फेऱ्या, दोनशे खेळाडू. यादीत तीनशेच्या वर नावं हवीत, आणि त्यांत किमान तीस कॅचर. कॅचर नेहमी आधी संपतात, आणि हे नव्या मालकांना कोणी सांगत नाही. ज्या जागेवर खेळाडू त्या हंगामात निदान पाच सामने उभा राहिला, ती त्याची जागा. पहिल्या फेरीत शेवटी आलेला दुसऱ्या फेरीत पहिला, असा नागमोडी क्रम ठेवा.

पुण्यातली आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची मंडळी एकत्र असतील तर रविवारी भारतात रात्री साडेनऊ ही वेळ जमते. तिथे उन्हाळ्यात दुपारचे बारा, हिवाळ्यात सकाळचे अकरा. एका बैठकीत बारा-तेरा फेऱ्या होतात. उरलेल्या व्हॉट्सॲपवर, प्रत्येक निवडीला चार तास, रात्रीचे तास सोडून.

दर आठवड्याचा कारभार

प्रत्येक मालकाने शुक्रवारपर्यंत एक पान भरून द्यायचं. उजव्या आणि डावखुऱ्या पिचरविरुद्धचे दोन बॅटिंग क्रम, कोणता पिचर कोणत्या सामन्याला हा क्रम, २७ बॅटर झाल्यावर पिचर बदलायचा की नाही, बेस चोरायला कोणाला मोकळीक, आणि सातव्या इनिंगनंतर पिचरच्या जागी बॅटिंगला कोण. पान आलं नाही तर मागच्या आठवड्याचंच लागू. दोनदा सलग आलं नाही तर संघ दुसऱ्याकडे. कडक वाटेल, पण या लीगा खेळ कंटाळवाणा झाला म्हणून सहसा मरत नाहीत, दोन माणसं उत्तर देईनाशी झाली की मरतात.

आयुक्ताचा, म्हणजे लीग चालवणाऱ्याचा, स्वतःचा संघ असेल तर त्याचे सामने दुसऱ्याने चालवावेत. संगणकाची फाइल प्रत्येक फेरीआधी जपून ठेवा, आणि निकाल लागल्यावर पुन्हा खेळवायचा नाही, वीज गेली तरी. अदलाबदलीची मुदत निम्म्या हंगामापर्यंत. अदलाबदल नाकारण्याचा अधिकार आयुक्ताकडे देऊ नका. पाच जणांचा विरोध असेल तरच ती रद्द.

बॉक्स स्कोअरबरोबर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) चार ओळींचा वृत्तान्त टाका. आळीपाळीने प्रत्येक मालकाने आपल्या एका खेळाडूची खरी हकिगत लिहावी. अमेरिकेतल्या बेसबॉल-अभ्यासकांच्या 'सेबर' या संस्थेने अशा शेकडो विस्मृत खेळाडूंची चरित्रं मोकळी ठेवली आहेत, त्यामुळे साहित्याची अडचण नाही.

सुरू करण्याआधीची चाचणी

ड्राफ्टनंतर, पहिल्या सामन्याआधी, सगळा हंगाम संगणकावर वीसेक वेळा पळवा. लीगची सरासरी तुमच्या ठरवलेल्या आकड्याच्या जवळ यायला हवी. तुमचे बॅटर कमकुवत आहेत तसेच पिचरही, त्यामुळे हिट्सच्या बाबतीत दोघांचं बऱ्यापैकी फिटतं: .२४५ च्या बॅटरसमोर .२७५ देणारा पिचर, सूत्राने .२५९. वॉक मात्र खऱ्या लीगहून बरेच जास्त निघतील, कारण दिशाहीन पिचर हीच या लोकांची ओळख. तो आकडा दुरुस्त करू नका. एखादा खेळाडू वीसपैकी वीस हंगामांत पहिल्या तिघांत येत असेल, तर त्याच्या कार्डात पाणी कमी पडलंय; ते घाला आणि सगळ्यांना सांगा.

दुसऱ्या हंगामासाठी वापरलेलं प्रत्येक खेळाडू-वर्ष यादीतून काढून टाका, म्हणजे दर वेळी आणखी खोल जावं लागतं. तिसऱ्या हंगामाच्या सुमारास कॅचरची चणचण जाणवू लागते. तेव्हा कालखंड १९६८ पर्यंत वाढवा, पण वर्षवार सरासऱ्यांचा तक्ता आधी नव्याने करून घ्या, आणि नव्या संघांमुळे १९६१ मध्ये अमेरिकन लीगचा आणि १९६२ मध्ये नॅशनल लीगचा हंगाम १६२ सामन्यांचा झाला, हे लक्षात ठेवून पाळ्यांच्या मर्यादा तपासा.